हळद लागलेली कॅसेट

आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा त्यात मुंग्या दिसायच्या. नुसत्या मुंग्या. मुठेच्या खोऱ्यात आमची वस्ती अशी काही डोंगराच्या बगलेत बसलेली, की पुण्याकडून येणारं चित्र मधेच अडायचं आणि आमच्या वाट्याला फक्त खरखर यायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, उरवड्याच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या कुणाच्या तरी घरी त्यांनी टीव्ही पाहिला आणि हट्टानं तसलाच आणला, लाकडी पेटीचा, पुढं सरकती दारं असलेला. मग रोज संध्याकाळी ते कौलांवर चढायचे, अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "दिसतंय का?" आम्ही आतून ओरडायचो, "न्हाई!" "आता?" "मुंग्या!" सगळी आळी खो खो हसायची. शेवटी आईनं त्या पेटीची दारं बंद करून वर विणलेला रुमाल टाकला आणि त्यावर देवीचा फोटो ठेवला. आण्णांचा चेहरा असा पडला होता म्हणून सांगू! पण आमच्या आण्णांना कोण बोलणार? त्यांना बोलायची सोय नव्हती.

त्या टीव्हीत जीव आणला तो मामानं. आईचा हा धाकटा भाऊ मस्कतला वायरमन होता. दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा, आला की घरभर अत्तराचा नि नव्या प्लॅस्टिकचा वास. त्या खेपेला त्यानं एक काळा डबा आणला. त्याला वायर, वायरीला दांडी, दांडीशेजारी एक लाल बटण. डब्याला वरून एक चीर होती, त्यात विटेच्या तुकड्याएवढी कॅसेट बसायची. मामानं डबा टीव्हीला जोडला, खटका दाबला, आणि आमच्या त्या आंधळ्या टीव्हीत चित्र उमटलं! स्वच्छ, ठसठशीत, एकही मुंगी नाही. हे चित्र डोंगरापलीकडून यायचं नव्हतंच, ते त्या डब्यातच होतं. आण्णांनी उठून टीव्हीची काच आपल्या उपरण्यानं पुसली आणि आईला म्हणाले, "बघ. टीव्ही चांगलाच हाय. म्या म्हणत हुतो का न्हाई?"

मामानं कॅसेटी पाच-सहा आणल्या होत्या. एकीत विमानं, एकीत मोटारी, एकीत भिंत फोडायची. माझा धाकटा भाऊ दिलीप शाळेतून आला की दप्तर फेकून विमानं उडवत बसायचा. पण मला सांगायचंय ते एका वेगळ्याच कॅसेटीबद्दल. तिच्यात एक मासा होता. मासा कसला, तीन-चार पांढरे चौकोन एकमेकांना चिकटवलेले, पण शेपूट हलायची. वरून पाणी खाली यायचं, पाण्यात खडक, जाळी, मधेच एखादा बगळ्याचा पाय. माशानं त्यातून वाट काढत वर वर जायचं. वर गेलं की एक कुंड लागायचं, सगळा पडदा उजळायचा, चार सूर वाजायचे आणि पुन्हा नवी नदी. कॅसेटीवरचं इंग्रजी नाव आम्हाला कुणालाच धड वाचता येत नव्हतं. हौसाआत्यानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अगं बया, ही तर चढण!" पावसाळ्यात आमच्या नदीला मासे उलटे चढतात, त्याला आमच्याकडं चढण म्हणतात. त्या दिवसापासून त्या खेळाचं नाव चढण.

हौसाआत्या आण्णांची धाकटी बहीण. नवऱ्यानं दुसरी करून आणली तेव्हा ती एक ट्रंक आणि एक शेळी घेऊन माहेरी आली, ती राहिलीच. त्या एका शेळीची आता पंधरा-वीस शेरडं झाली होती आणि दिवसभर ती त्यांच्यामागं डोंगराला असायची. घरात कुणी तिला वाईट वागवत होतं असं मी म्हणणार नाही. पण परतून आलेल्या बाईला घरात जागा कशी असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, दाराच्या बाजूला झोपायचं, आणि हसायचं तर पदर तोंडाला लावून. मी दहावी होऊन घरी बसलेली. माझ्यासाठी स्थळं पाहणं चाललेलं. आमच्या दोघींचं गूळपीठ होतं, कारण दोघींनाही त्या घरात आपण थोड्या दिवसांच्या पाहुण्या आहोत असं वाटायचं. मी जाणार म्हणून, आणि ती कुठं जाणार नाही तरीही.

दुपारी शेरडं सावलीला बसवून ती घरी भाकरीला यायची. आण्णा कारखान्यात, दिलीप शाळेत, आई भिंतीला टेकून पेंगत असायची. लाईट असली तर मी हळूच टीव्हीची दारं सरकवायची. आत्या हात धुऊन, पदराला पुसून, दांडी धरायची. सुरुवातीला ती दांडीबरोबर स्वतःच कलायची, मासा डावीकडं न्यायचा तर आत्या सगळीच्या सगळी डावीकडं. मी हसून हसून लोळायची. ती म्हणायची, "हस, हस. नांदायला गेलीस की कळंल वरच्या पाण्याला कसं चढत्यात." मग हळूहळू तिचा हात बसला. अंग हलेनासं झालं, फक्त मनगट हलायचं. बाहेर ऊन पिवळं होऊन पडलेलं, गोठ्यात म्हैस रवंथ करतेय, चुलीत राख निवत चाललीय, आणि त्या अर्ध्या अंधाऱ्या खोलीत टुकटुक, टुकटुक असा माशाचा आवाज. आत्याच्या तोंडावर पडद्याचा पांढरा उजेड पडलेला असायचा. त्या उजेडात ती माझ्याएवढी दिसायची. मला डुलकी लागायची, जाग यायची, तरी मासा अजून चढतच असायचा. कितवी नदी, कुणास ठाऊक. आज या वयात मला दुपारी झोप लागत नाही तेव्हा मी तोच आवाज आठवायचा प्रयत्न करते. येतो कधीकधी.

आत्या सगळ्यांत भारी खेळते ही गोष्ट घरात पसरायला वेळ लागला नाही. दिलीप तर तिला हरवायला पेटला होता. रविवारी आण्णांसमोर दोघांचे डाव लागायचे. दिलीपचा मासा दुसऱ्याच नदीत बगळ्याच्या पायाखाली जायचा. आत्याचा पुढं, आणखी पुढं. आळीतली माणसं दारात दाटी करायची. "हौसाबाय, डावीकडनं घे!" "आरं गप, तिला काय सांगतूस!" आणि आण्णा, कधी कुणाचं तोंडभर कौतुक न केलेले आमचे आण्णा, मिशीत हसून म्हणायचे, "आमची हौशी हाय ती." हे ऐकलं की आत्या पदर तोंडाला लावायला विसरायची. चांगली दात दाखवून हसायची.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, कुऱ्हाड, कुदळ, ज्याच्यावर घर चालतं ते सगळं धुऊन, पुसून, ओळीनं मांडायचं. हळदी-कुंकवाची बोटं ओढायची, अक्षता टाकायच्या, झेंडूचं फूल वाहायचं, गूळ-खोबऱ्याचा निवद दाखवायचा. त्या दिवशी त्या हत्यारांना हात लावायचा नाही, त्यांना विसावा. आण्णांची सायकल आणि आईचं शिवणयंत्रही त्या ओळीत असायचं. पूजेचं काम आत्याकडं. तिचा हात देवाधर्माला चांगला, असं आईच म्हणायची. त्या वर्षी आत्यानं सगळं मांडलं, पाहिलं, आणि तिला वाटलं काहीतरी राहिलं. ती आत गेली आणि खेळाचा डबा घेऊन आली, कॅसेटीसकट. मी तिथंच फुलं निवडत होते. तिनं ओल्या फडक्यानं डबा निगुतीनं पुसला. हळद पाण्यात कालवून पाच बोटं डब्यावर ओढली, पाच कॅसेटीवर. वर कुंकू, वर अक्षता. मग तांब्यातलं पाणी फुलानं शिंपडलं, इतर हत्यारांवर शिंपडलं तसंच, हात न आखडता. शेवटी गुळाचा बारीकसा खडा कॅसेटीशेजारच्या फटीत ठेवला, म्हणाली, "ह्येचं त्वांड हितंच हाय न्हवं?" मला तर ते फार गोड वाटलं. तिच्या मनात त्या डब्याला केवढी जागा होती! आम्ही दोघींनी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, सोनं वाटून झाल्यावर आळीतली माणसं खेळ बघायला जमली. दिलीपनं खटका दाबला. चर्र असा आवाज झाला, जळका वास आला, एक धुराची बारीक रेघ वर गेली. संपलं. आण्णांनी डबा उलटा केला तर फटीतून ओल्या अक्षता गळल्या, पिवळ्या, चिकट. कुणीतरी फिसकन हसलं. ते हसणं झालं नसतं तर आण्णा कदाचित तेवढे भडकले नसते. चारचौघांत हसं झालं की त्यांना काही सुचायचं नाही. ते वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "नवऱ्याचं घर बुडवून आलीस, आता ह्ये बुडीव! तुज्या हाताला जाळ लागू दे जाळ!"

आत्या उंबऱ्यात उभी होती, हातात आपट्याची पानं. तिनं ती खाली ठेवली आणि मागच्या दारानं शेरडांकडं गेली. आई म्हणाली, "आवो, सणाचं काय बोलताय ह्ये!" पण तोंडातून गेलं ते गेलं. मला आण्णांचा इतका राग आला होता की आठवडाभर मी त्यांना ताट वाढलं नाही, आई वाढायची. तसे ते वाईट नव्हते हो. रागात त्यांना शब्द सापडायचे आणि पश्चात्तापात एकही सापडायचा नाही. तशी पुष्कळ माणसं असतात. मी पुढं तशाच एकाशी संसार केला.

डबा पुण्यापर्यंत जाऊन परत आला, दुरुस्त झाला नाही. आत्या मात्र त्या दिवसापासून पुढच्या खोलीत बसेनाशी झाली. जेवण चुलीपाशी, बसणं गोठ्यापाशी. भांडली नाही, रडली नाही, कुणाला उणादुणा शब्द बोलली नाही. हळदी-कुंकवाच्या कोयरीला तिनं हात लावणं सोडलं. पूजा आई करू लागली. दुपारी भाकरीलाही ती येईना, फडक्यात बांधून डोंगराला न्यायची. मी कधी तिच्यासोबत गेले तर ती कातळावर बसलेली असायची, समोर शेरडं, डोळे मिटलेले, मनगट मांडीवर हलकेच हलतंय. मला वाटायचं हात दुखत असेल. विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय गं, उगंच." खाली खोऱ्यात नदी चमकत असायची, वाऱ्यानं गवताचा एक पट्टा झुकायचा, मग दुसरा. आम्ही तशाच बसून राहायचो. वेळ कसा जायचा कळायचं नाही.

कॅसेटी दिलीपनं वाटून टाकल्या. जवळच चांद्याला आमची मावशी दिलेली, तिची पोरं आली की काहीतरी घेऊन जायची, तशा त्या गेल्या. चढणची कॅसेट तेवढी राहिली. हळदीनं पिवळीजर्द झालेली, ती कुणालाच नको होती. आईनं ती बिस्किटाच्या डब्यात सुया-दोऱ्यांसोबत टाकून ठेवली.

मामा पुन्हा आला तो नवीन डबा घेऊन. हा चपटा, देखणा. दांडी नाही, तिच्या जागी हातात मावणारी पट्टी, बटणं जास्त. सोबतचे खेळ म्हणे रंगीत होते. आमचा टीव्ही काळा-पांढरा, त्याला रंग काय दाखवणार, पण दिलीप शपथेवर सांगायचा की त्याला रंग दिसतात. घरात पुन्हा जत्रा सुरू झाली. फक्त आत्या नव्हती. आतून विमानांचे आवाज यायचे आणि ती मागचं अंगण शेणानं सारवत असायची. मागच्या खेपेला आत्याला खेळताना पाहून गेलेल्या मामाला दसऱ्याचं कुणी काही सांगितलं नव्हतं. जेवताना त्यानं आईला सहज विचारलं, "हौसाआक्का खेळत न्हाई व्हय गं आता? जुन्या कॅसेटी कुटं हायेत? दुकानदार म्हणला, ह्येच्यात जुन्या बी चालत्यात."

माझा घास हातातच राहिला.

आता माझा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे. त्यानं मला परवा सांगितलं की याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. नवं यंत्र बनवणाऱ्यानं जुन्याची आठवण ठेवायची, त्याच्यासाठी आत जागा राखायची. कौतुकानं सांगत होता, आईला काही नवीन सांगतोय अशा थाटात. मी म्हटलं, असेल बाबा. पण तेव्हा, भाताचा घास हातात धरून, मला एवढंच कळलं होतं की मासा अजून मेलेला नाही.

जेवणं झाली तशी मी बिस्किटाचा डबा आणला. आण्णांनी कॅसेट पाहिली आणि त्यांचं तोंड उतरलं. "ती नगं," ते म्हणाले. "हळद मुरल्या तिच्यात. ह्यो बी डबा जाईल." मामा म्हणाला, "दाजी, जाऊन जाऊन काय जाईल?" दिलीप रडकुंडीला आला, नवा डबा छातीशी धरून बसला. "न्हाई लावायची! आत्याची हाय ती, जळंल!" तो लहान होता, त्याला काय कळत होतं. पण ते वाक्य मागच्या दारापर्यंत गेलं. आत्या आत आली. शेणानं भरलेले हात अंगापासून दूर धरून चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "नगा लावू, दादा. माज्यापायी दुसरं नगं जळाया."

किती दिवसांनी तिनं आण्णांना दादा म्हटलं होतं! आण्णांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या त्या लांब धरलेल्या हातांकडं पाहिलं. मग ते उठले. माझ्या हातातून त्यांनी कॅसेट घेतली, कोनाड्यातली दाढीची जुनी पाती काढली आणि दारात उजेडाला बसून तिच्या कडेची हळद खरवडायला लागले. दमानं, एक एक कण. फुंकर घालायची, पुन्हा खरवडायचं. दुपार होती, बाहेर कुठं चिटपाखरू नव्हतं, नुसता पातीचा कुरकुर आवाज. पार शेवटी आण्णांनी सदऱ्याच्या टोकानं कॅसेट पुसली, दिलीपच्या मांडीवरून डबा काढून घेतला आणि म्हणाले, "जळलं तर माज्या हातानं जळू दे."

त्यांनी कॅसेट बसवली. खटका दाबला. पडदा काळा राहिला. मी डोळे मिटून घेतले. मग टुकटुक ऐकू आलं.

मी ओरडलेच. मासा होता तिथं, शेपूट हलवत, जणू काही झालंच नाही! आत्या जागची हलेना. मी तिला ओढत नेलं, तिचे हात धुतले, माझ्या ओढणीनं पुसले, तिला पाटावर बसवलं. नवी पट्टी तिच्या हातात बसेना. पहिला मासा पहिल्याच खडकावर गेला. दुसराही. दिलीप म्हणाला, "इसरली आत्या." पण तिसऱ्या माशाला तिचा अंगठा सरावला. पहिली नदी गेली, कुंड उजळलं. दुसरी. तिसरी. दिलीपनं कधीच न पाहिलेल्या नद्या सुरू झाल्या. बगळा कुठं पाय टाकणार हे तिला आधीच माहीत असायचं. मामा थक्क होऊन म्हणाला, "आक्का, एवढ्या दिसांनी बी कसं काय गं येतंय?"

पडद्यावरची नजर न काढता आत्या म्हणाली, "रोज खेळत हुते की मी. शेरडांमागं. डोळं मिटून."

आण्णा तिच्या मागंच खाली बसले होते. मासा चढत राहिला, खोलीत ऊन सरकत राहिलं. आईनं चहा टाकला, तो तसाच निवला. पुढं कितव्या तरी नदीत जाळं आडवं आलं आणि मासा अडकला. आत्यानं पट्टी खाली ठेवली, पदर सावरला आणि उठायला लागली. शेरडांची वेळ झाली होती.

आण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. म्हणाले, "हौशे, चुकलं माजं. शेरडं म्या बघतो. तू आजून येक डाव खेळ."

आत्यानं पट्टी उचलली आणि तशीच हातात धरून बसून राहिली. पडद्यावर नदी वाहत होती, मासा तळाशी शेपूट हलवत तिची वाट बघत होता. दिलीप म्हणाला, "आत्या, दाब की!"

"थांब रं बाळा," ती म्हणाली. "मला दिसंना झालंय."